जीवाश्म गोळा करण्याआधी चिठ्ठी लिहायला शिकवू या



आज माझ्या एका चुकीपासून सुरुवात करते. चूक जाहीर सांगायला बरं वाटत नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला जे म्हणायचं आहे ते नीट पोचणार नाही.

उदगीर तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी दप्तरातून एक दगड घेऊन आली. तिचे वडील विहिरीच्या कामावर जातात. नव्या विहिरीतून वर काढलेल्या ढिगाऱ्यात तिला तो सापडला होता. काळा दगड, त्यात अंड्याच्या आकाराची एक पोकळी, आणि त्या पोकळीतून चहूबाजूंना पांढऱ्या बारीक सुया पसरलेल्या. "मॅडम, खेकडाय ह्येच्यात," ती म्हणाली. मी बघितलं, आणि खरं सांगते, मलाही खेकडाच दिसला. मधे अंग, बाजूला पाय.

मग मी काय केलं? शाळेत शिकवतो ते "निरीक्षण करा, प्रश्न विचारा, मग निष्कर्ष काढा" हे सगळं बाजूला ठेवलं आणि एकदम निष्कर्षावर उडी मारली. परिपाठात तिला पुढं बोलावलं, टाळ्या वाजवल्या. मोबाईलवर थोडं शोधलं, समुद्रातल्या प्राचीन खेकड्यांची आणि ट्रायलोबाइटची चित्रं दिसली. झालं! पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री खेकडा. आपल्या गावात समुद्र होता!" आणि विज्ञान प्रदर्शनात मांडलं. बघायला गर्दी झाली, फोटो निघाले.

तिथं भूगोल-भूशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी दगड हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि मला बाजूला नेऊन हळू आवाजात तीन प्रश्न विचारले. हा दगड कुठल्या थरातला? तो थर कशाचा बनलाय? आणि खेकड्याला डावीकडे जेवढे पाय असतात तेवढेच उजवीकडे असतात, इथं तसे आहेत का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्यासमोर होती, मी ती पाहिली नव्हती. दगड बेसॉल्टचा, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचा. लाव्हा वाहत असताना त्याचं तापमान हजार अंशांच्या पुढे असतं. त्यात खेकडा सापडायचा कसा? लाव्हा थंड होताना आतले वायू बुडबुड्यांसारखे अडकले, पोकळ्या राहिल्या, पुढे पाझरणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. त्या पांढऱ्या सुया म्हणजे झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक होते. आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या दगडातले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत, इतके ते सुंदर असतात. पण तो खेकडा नव्हता.

आता मुलीला सांगायचं कसं?

शाळेतले सहकारी म्हणाले, "राहू द्या की मॅडम, लेकरू खूश आहे. पुढं मोठी झाली की कळेलच." मीही दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "तुम्हीच तर म्हणलात खेकडा हाय म्हणून." मग दगड दप्तरात टाकून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील भेटले, म्हणाले, "मॅडम, पोरगी रातभर बोलली न्हाई बघा."

खेकडा म्हणाली होती ती नऊ वर्षांची मुलगी, पण त्यावर शिक्का मारला होता मी. तिचा राग दगडावर नव्हता, माझ्यावर होता, आणि तो रास्त होता. त्या रात्रीपासून मी या विषयावर बरंच वाचलं, विचारलं, चुकांची यादी केली. त्यातून माझं जे मत बनलं ते आज तुमच्यासमोर ठेवते आहे.

माझं मत असं: मुलांना जीवाश्म गोळा करण्याचा नाद जरूर लावावा, पण त्याची सुरुवात दगडापासून करू नये. सुरुवात चिठ्ठीपासून करावी. कुठं सापडला, कशात सापडला, कधी, कुणाला, हे लिहिलेलं नसेल तर कितीही दुर्मीळ जीवाश्म असो, तो नुसता दगड आहे. आणि ते लिहिलेलं असेल तर साधा दगडसुद्धा पुरावा होतो.

आपल्या पायाखाली काय आहे?

आधी आपल्या भागाचं बघू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. मी तेव्हा अगदी लहान होते, पण घरात तो विषय निघाला की आजही आवाज खाली येतात. किल्लारीच्या त्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं जमिनीत खोल बोअर घेतलं. ६१७ मीटर खोल. त्यात वरचे ३३८ मीटर काय निघालं? एकावर एक बसलेले लाव्हाचे थर. कुतुबमिनार ७३ मीटर उंच आहे, म्हणजे साडेचार कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत एवढा जाड लाव्हा. त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा खडक, आणि त्याच्याखाली पृथ्वीचा जुना कठीण पाया.

लाव्हाचे हे थर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. म्हणून उदगीर, अहमदपूर, देवणी भागातल्या विहिरीतून समुद्री खेकडा निघण्याची आशा धरणं व्यर्थ आहे. हे मला प्रदर्शनाआधी माहीत असतं तर! डी.एड.ला आम्ही पाठ घ्यायला शिकलो, पण ज्या गावात पाठ घ्यायचा त्या गावाखाली काय आहे हे कुणी शिकवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आणि ट्रायलोबाइट? तो तर खेकडाही नव्हे. खेकडा, कोळंबी हे कवचधारी प्राणी. ट्रायलोबाइट हा त्यांच्यासारखाच संधिपाद, म्हणजे सांध्यांचे पाय असलेला, पण स्वतंत्र गट. हे प्राणी साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या खडकांत दिसतात आणि २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी कायमचे संपले. आपल्याकडचा लाव्हा वाहिला तेव्हा त्यांना संपून १८ कोटी ६० लाख वर्षं झाली होती. भारतात ट्रायलोबाइट पाहायचे तर हिमालयात, स्पितीसारख्या ठिकाणच्या जुन्या खडकांत ते मिळाले आहेत. उदगीरच्या विहिरीत नाही.

मग आपल्याकडे काहीच नाही का?

आहे! आणि ते फार गोड आहे, फक्त आकाराने खसखशीएवढं आहे.

लाव्हा सतत वाहत नव्हता. एक प्रवाह थंड व्हायचा, मग मोठा काळ शांततेचा जायचा. त्या काळात खोलगट जागी तळी साचायची, त्यात शेवाळ, गोगलगायी, बेडूक, मासे वाढायचे. तळाशी गाळ बसायचा. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि सगळं झाकून टाकायचा. दोन प्रवाहांच्या मधे अडकलेल्या त्या गाळाच्या थरांत जीवाश्म असतात. मुंबईत वरळीच्या टेकडीतून अशाच थरात बेडकांचे जीवाश्म मिळाले, त्यांचं वर्णन १८४७ साली छापून आलं.

याच थरांत आपले कवचधारी आहेत. त्यांना ऑस्ट्राकोड म्हणतात. कोळंबीचे अगदी दूरचे, चिमुकले नातेवाईक. अंगावर दोन झडपा, शिंपल्यासारख्या, पाठीला बिजागरीने जोडलेल्या. बहुतेकांची लांबी एखादा मिलिमीटर. प्राणी मेला की झडपा गाळात राहतात आणि टिकतात.

यांचा शोध कुठं लागला माहीत आहे? आपल्या शेजारी. नांदेड ओलांडून गोदावरीच्या उत्तरेला निर्मलचे डोंगर लागतात. हैदराबादहून नागपूरकडे जाणारा जुना रस्ता तिथून जायचा. मद्रास फौजेतले डॉक्टर जे. जी. माल्कमसन या वाटेने गेले. औषधोपचार हा त्यांचा पेशा, पण वाटेतल्या टेकड्यांमधले थर ते बघत, दगड उचलत आणि कुठला दगड कुठल्या थरातला हे लिहून ठेवत. ते जीवाश्म लंडनला गेले. १८४० साली छापलेल्या त्यांच्या लेखाबरोबर सोवर्बी यांनी त्यांतल्या गोगलगायी, शिंपले आणि ऑस्ट्राकोडांची नावं व वर्णनं दिली. त्यांतलं 'सायप्रिस सबग्लोबोसा' हे नाव आज आपल्या तळ्यांत, भातखाचरांत जिवंत पोहणाऱ्या ऑस्ट्राकोडसाठीही वापरतात. म्हणजे दगडात आधी नाव मिळालं आणि पाण्यात नंतर ओळख पटली.

दुसरी गोष्ट नागपूरची. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून १८४५ साली नागपुरात आलेले मिशनरी. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात आहे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या टाकळी परिसरातल्या थरांतून शेकडो जीवाश्म जमवले. फळं, बिया, कीटकांचे पंख, गोगलगायी, आणि अर्थातच ऑस्ट्राकोड. १८६० साली हिस्लॉप यांचा लेख छापून आला, त्याच्यासोबत टी. रुपर्ट जोन्स यांनी या चिमुकल्या कवचधाऱ्यांवर टिपण लिहिलं. विदर्भातल्या मांगली गावाजवळच्या, लाव्हापेक्षा कितीतरी जुन्या खडकातून हिस्लॉप यांनी दोन झडपांचे आणखी एक कवचधारी मिळवले. जोन्स यांनी १८६२ साली त्यांना त्या गावाचंच नाव दिलं, 'इस्थेरिया मंगालिएन्सिस'. एका खेड्याचं नाव असं जगाच्या पुस्तकात गेलं, कारण दगडासोबत गावाचं नाव लिहिलेलं होतं.

हिस्लॉप फक्त दगडच फोडत बसले नाहीत. नागपूरच्या तळ्यांतलं पाणी गाळून जिवंत कवचधारीही त्यांनी पाठवले. विल्यम बेअर्ड यांनी १८५९ साली त्यांची वर्णनं छापली. त्यांतल्या एकाचं नाव आज 'सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी' आहे. ज्याला दगडातला प्राणी ओळखायचा त्याने आधी डबक्यातला ओळखावा, ही गोष्ट शाळेसाठी किती मोलाची आहे बघा.

४ सप्टेंबर १८६३ ला बोरीजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाले. पण त्यांच्या नोंदी राहिल्या. गोंड आणि इतर आदिवासी समाजांविषयीची त्यांची टिपणं १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. माणूस गेला, नोंदी बोलत राहिल्या.

तळं की समुद्र?

माझ्या पुठ्ठ्यावर मी बिनदिक्कत लिहिलं होतं, "आपल्या गावात समुद्र होता." शास्त्रज्ञ हे वाक्य लिहिण्याआधी किती सांभाळतात ते ऐका. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथल्या लाव्हाच्या मधल्या थरात गोड्या पाण्यातल्या जीवांसोबत समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांची कवचं मिळाली, आणि २००९ साली त्यावर शोधनिबंध आला. समुद्र आज त्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर! म्हणजे त्या काळी समुद्राचं पाणी एखाद्या फाट्याने इतकं आत आलं होतं का, हा प्रश्न उभा राहिला. एका कणाएवढ्या कवचावर केवढा मोठा प्रश्न! पण हा प्रश्न विचारता आला, कारण कुठल्या थरातून किती उंचीवर कुठला नमुना घेतला याची नोंद होती. कुणी ते नुसते डबीत भरून आणले असते तर?

विकतचा जीवाश्म नको

आता पालकांसाठी थोडं. "मॅडम, प्रकल्पासाठी ऑनलाइन ट्रायलोबाइट मागवू का?" असं मला विचारतात. माझं उत्तर आता स्पष्ट आहे, नका मागवू. एक तर बाजारातले कितीतरी ट्रायलोबाइट बनावट असतात. मोरोक्कोतून येणाऱ्या मालात राळेत घडवलेले, जोडकाम केलेले नमुने खूप सापडतात आणि ते जाणकारांनाही फसवतात. दुसरं म्हणजे खऱ्या नमुन्यालाही चिठ्ठी नसते. मुलाने शोधलं नाही, विचारलं नाही, पैसे दिले आणि मिळालं. यातून तो जीवाश्मशास्त्र शिकत नाही, खरेदी शिकतो.

आणि खरा समुद्री जीवाश्म बघायचाच असेल तर तो कदाचित तुमच्या घरातच आहे. देवघरातला शाळिग्राम! नेपाळातल्या गंडकी नदीतून येणाऱ्या चक्रवाल्या शाळिग्रामात अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचं वळ्यावळ्यांचं कवच असतं. तो कवचधारी गटातला नव्हे, माकुल आणि ऑक्टोपसचा नातेवाईक. ज्युरासिक काळात जिथं हिमालय आहे तिथं समुद्र होता, त्याच्या तळाचा हा गाळ. माझ्या आजीने तो रोज पूजला. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे देव आधी समुद्रात ऱ्हात होता म्हन की!" श्रद्धेला धक्का लागला नाही आणि माहितीही कळली. मुलांना लांबूनच, हात न लावता, घरच्यांना विचारून तो बघू द्या. पूजेची वस्तू शाळेत आणायला मात्र सांगू नका.

वर्गात करून बघण्यासारखं

नुसतं मत देऊन थांबणं मला आवडत नाही. मी गेल्या वर्षापासून जे करते ते सांगते, यातलं काहीही खर्चाचं नाही.

१. काळाची दोरी. १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख वर्षं. व्हरांड्यात ५ मीटर २० सेंटिमीटर दोरी लावा. एक टोक म्हणजे आज. दुसरं टोक म्हणजे पहिले ट्रायलोबाइट. आजपासून २५२ सेंटिमीटरवर लाल चिंधी, ट्रायलोबाइट संपले. ६६ सेंटिमीटरवर काळी चिंधी, आपल्या विहिरीतला काळा दगड. आपण माणसं कुठं? आपल्यासारख्या माणसाचा काळ साधारण ३ लाख वर्षं धरला तर फक्त ३ मिलिमीटर. मुलं त्या ३ मिलिमीटरकडं वाकून वाकून बघतात. ट्रायलोबाइट उदगीरला का सापडत नाही हे मग सांगावं लागत नाही.

२. डबक्यातला शोध. पावसाळ्यात ओढ्याच्या कडेचं किंवा तळ्याचं थोडं पाणी पांढऱ्या वाटीत घ्या. भिंग धरा. गोल, तपकिरी-हिरवट ठिपका तुरुतुरु पळताना दिसला आणि त्याला दोन झडपा असल्या तर तो ऑस्ट्राकोड असण्याची शक्यता आहे. बघून झालं की पाणी जिथलं तिथं ओता.

३. सुक्या गाळाची बादली. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा सुका गाळ बादलीत घ्या, त्यावर साठवलेलं पावसाचं किंवा विहिरीचं पाणी घाला. औषध टाकलेलं नळाचं पाणी नको. सावलीत ठेवा आणि रोज बघा. आठ-पंधरा दिवसांत काहीतरी हलायला लागतं, कारण यांतल्या बऱ्याच प्राण्यांची अंडी कोरड्या मातीत टिकून राहतात आणि पाण्याची वाट बघतात. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते आपण पाहिलं आहे. दुष्काळ सोसणारे फक्त आपणच नाही, हे मुलांना या बादलीतून कळतं. एखाद्या वेळी काहीच उगवत नाही. तेही वहीत लिहायचं.

४. विहिरीचे थर. विहिरीत उतरायचं नाही, काठावरही एकट्याने जायचं नाही, खदानीत तर नाहीच. पण घरातल्या मोठ्यांना विचारता येतं. किती फुटांवर माती संपली? मुरूम किती? काळा दगड कुठून लागला? मधे तांबडा गेरूचा पट्टा लागला का? हा तांबडा पट्टा बऱ्याचदा दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीच्या काळातला असतो. विहीर खोदणारा माणूस भूशास्त्राचं पुस्तक वाचत नाही, पण तो ते पुस्तक आतून बघून आलेला असतो. त्याला वर्गात बोलवा.

५. चिठ्ठी. वहीच्या पानाचा चौथा हिस्सा पुरतो. काय सापडलं (खात्री नसेल तर "वाटतं" असं लिहायचं), गाव आणि जागा (शेताचा गट नंबर माहीत असेल तर उत्तम), जागेवर घट्ट बसलेला होता की सुटा पडलेला, किती खोलीवर, तारीख, शोधणाऱ्याचं नाव, आणि शेतमालकाला विचारलं का. सगळ्यात शेवटी एक ओळ रिकामी ठेवायची, "नंतर कळलेलं" यासाठी.

आणि एक पथ्य. थरात घट्ट बसलेलं काही वेगळं दिसलं तर हातोडी लावायची नाही. फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवून, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या शिक्षकांना कळवायचं. उखडलेला जीवाश्म पुन्हा थरात बसवता येत नाही. अशा जागा जपण्यासाठी केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली कायद्याचा मसुदाही लोकांसमोर ठेवला होता. कायदा आपल्या गावात पोचेपर्यंत आपली मुलं तरी पोचलेली असू देत.

"पण हे परीक्षेत येतं का?"

हा प्रश्न येणारच. जीवाश्म हा उत्क्रांतीचा पुरावा म्हणून दहावीच्या विज्ञानात येतो. तिथं मूल व्याख्या पाठ करतं आणि गुण मिळवतं. पण पुरावा म्हणजे काय हे चौथीतच कळलं नाही तर दहावीतली व्याख्या हवेतच राहते. आज आपल्या मुलांच्या हातात मोबाईल आहे. "अमुक गावात सापडला प्रचंड सांगाडा" असे फोटो रोज येतात. कुठं सापडला, कुणी पाहिला, कधी, हे तीन प्रश्न ज्या मुलाला दगडाबद्दल विचारायची सवय लागली ते मूल फोटोबद्दलही विचारेल. मी स्वतः ते विचारले नव्हते, म्हणून सांगते.

"मुलांचा उत्साह मोडू नये" असंही काही सहकारी म्हणतात. मला हा मुद्दा पटतो, पण अर्धाच. खोट्या गोष्टीवर उभा केलेला उत्साह कधीतरी मोडतोच, आणि तो दुसऱ्या कुणी चारचौघांत मोडला तर मूल जास्त दुखावतं. माझ्या वर्गातल्या मुलीचा उत्साह खऱ्याने मोडला नाही. मी आधी घाई केली आणि मग दोन दिवस लपवलं, त्याने तो मोडला. "मला माहीत नाही, आपण विचारू" हे वाक्य मी पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर हे काहीच घडलं नसतं.

ती मुलगी आता सहावीत आहे, दुसऱ्या शाळेत जाते. मधे तिच्याशी बोलणं सुरळीत व्हायला बरेच दिवस गेले. मी तिची वर्गासमोर माफी मागितली, तेव्हा ती काही बोलली नाही. पण चौथी संपताना तिने तो दगड आणून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "शाळेत ठेवा." मी म्हटलं, चिठ्ठी तू लिही. तिने लिहिली. गाव लिहिलं, वडिलांना विचारून खोली लिहिली, ४० फूट. "काय सापडलं" पुढे लिहिलं, "आधी खेकडा वाटला." आणि शेवटच्या रिकाम्या ओळीत, "नंतर कळलेलं" पुढे, "झिओलाइट. खेकडा नाही. लाव्हात खेकडा राहत नाही."

मोठ्या संग्रहालयांतही असंच असतं म्हणे. एखाद्या नमुन्याची ओळख बदलली तरी जुनी चिठ्ठी फेकत नाहीत, नवी तिच्याशेजारी ठेवतात. आमच्या शाळेच्या कपाटात आज एकोणीस दगड आहेत. त्यांत एकही जीवाश्म नाही, पण प्रत्येकाला चिठ्ठी आहे. पहिला नंबर त्या झिओलाइटचा आहे.

तुमच्या शाळेच्या कपाटात, घरातल्या शोकेसमध्ये बिनचिठ्ठीचे दगड-शिंपले असतील तर या आठवड्यात मुलांना घेऊन बसा. आठवेल तेवढं लिहा. आठवत नसेल तर "माहीत नाही" असं लिहा, पण लिहा. आणि तुमच्या विहिरीत तांबडा पट्टा किती फुटांवर लागला ते मला जरूर कळवा. माझ्या वर्गातली मुलं तालुक्याचा नकाशा करताहेत, त्यांना ते हवं आहे.